एका फ्रेमचे अंतर

बर्मिंगहॅम, ६ ऑगस्ट २०२२. राष्ट्रकुल स्पर्धेतली पुरुषांची तीन हजार मीटर स्टीपलचेस. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पोचला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून आलेला बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. सोने आणि रुपे यांच्यात सेकंदाचा विसावा भाग. धावपटूंच्या त्या वेगात हे अंतर जेमतेम फूटभर भरते. सेकंदाला २० फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्यात लागोपाठच्या दोन फ्रेममधले अंतरही नेमके एवढेच असते. म्हणजे किबिवोटची छाती रेषेवर असलेली एक फ्रेम आणि साबळेची छाती रेषेवर असलेली दुसरी, आणि मधे काही नाही. सेकंदाला १२० फ्रेम टिपणारा कॅमेरा हाती असेल, तर त्याच फटीत सहा पायऱ्या दिसतात: कोणाचे डोके पुढे कलले, कोणाचा खांदा वळला, कोणाची नजर शेवटच्या क्षणी बाजूला गेली. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातला एक रुक्ष आकडा असा एखाद्या शर्यतीशेजारी ठेवला, की त्याचा अर्थ लख्ख उजळतो.

कॅमेऱ्यांचे रसग्रहण असेच करायला हवे. कॅनन, निकॉन आणि सोनी यांच्यातले श्रेष्ठ-कनिष्ठ आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवणे म्हणजे घराणी सोडून फक्त गायकांच्या आवाजाची पट्टी मोजत बसणे. या तिन्ही कंपन्यांनी आपली बुद्धी वेगवेगळ्या जागी खर्च केली आहे: सोनीने काळावर, निकॉनने अंतरावर, कॅननने हातावर. ती जागा ओळखता आली तर निवडीचा निम्मा गोंधळ मिटतो. आणि ओळखून पाहायला बीडसारखा जिल्हा शोधून सापडायचा नाही. एकट्या पाटोदा तालुक्याचे उदाहरण घ्या. राष्ट्रकुल सुवर्णपदक आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेतले कांस्यपदक मिळवणारा मल्ल राहुल आवारे इथला, आणि सुमारे तीस चौरस किलोमीटरचे नायगाव मयूर अभयारण्यही इथलेच. बालाघाटाच्या माथ्यावरच्या माळांवर काळवीट, खाली जत्रेतले कुस्त्यांचे हगामे. खेळ आणि वन्यजीव हे दोन्ही विषय एकाच दुचाकीच्या टप्प्यात येतात.

सोनीपासून सुरुवात करू, कारण वयाने ती सर्वांत धाकटी. मिनोल्टाचा वारसा असलेला कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय तिने २००६ साली घेतला. खरी चमक दिसली ती २०१७च्या अल्फा ९मध्ये. त्याआधीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक फ्रेमच्या वेळी आरसा वर जाई आणि व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा पडे. म्हणजे छायाचित्रकाराने जो क्षण टिपला, नेमका तोच त्याने पाहिलेला नसे. अल्फा ९मध्ये सेन्सरच्या पाठीलाच स्मृतीचा थर चिकटवलेला आहे. त्यामुळे माहिती इतक्या झपाट्याने वाचली जाते, की सेकंदाला २० फ्रेम घेतानाही दृश्य अखंड वाहत राहते. स्टीपलचेसमध्ये याची किंमत कळते. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. पाणउडीला धावपटू आधीच्या माणसाच्या पाठीआडून अचानक वर उसळतो. काळी पडणारी चौकट इथे दगा देते. अखंड दृश्यात मात्र पुढच्या खांद्यांवरून साबळेचे केस दिसू लागतात, मग कपाळ, मग अडथळ्यावर टेकलेला बूट. आणि बोट आपोआप त्या उसळीच्या लयीत दाबले जाते. डोळा आणि बोट यांच्यातला पडदा दूर करणे, हे सोनीचे सर्वांत देखणे काम.

नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झालेल्या अल्फा ९ थ्रीने त्यापुढची पायरी गाठली. एरवी इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. पहिली ओळ वाचून शेवटची ओळ येईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. म्हणून फटक्याच्या क्षणी बॅट वाकडी दिसते, फिरणारे चाक अंडाकृती होते. अल्फा ९ थ्रीमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि एकाच क्षणी मिटतात. बीडच्याच सचिन धसने २०२४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बेनोनीला ९६ धावा केल्या. तशा खेळीतला एखादा पुलचा फटका या कॅमेऱ्यात पाहिला, तर बॅटीची कड फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ उतरते. या सिद्धीचे मोलही मोजावे लागते. या सेन्सरचा मूळ आयएसओ २५० आहे आणि पिक्सेल अडीच कोटींच्या आसपास. म्हणजे संधिप्रकाशात दाणा थोडा लवकर दिसतो आणि दूरचा पक्षी कापून मोठा करायला वाव कमी. सोनीने हा सौदा डोळे उघडे ठेवून केला. प्रत्येक फ्रेममधला काळ निर्भेळ हवा, बाकीचे नंतर पाहू, असा त्यामागचा निर्धार. आणि असा एकारलेला निर्धार यंत्रातही सुंदर दिसतो.

आता स्टेडियम सोडून माळावर येऊ. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंतचा वेग गाठू शकते, पण छायाचित्रकाराची खरी अडचण वेगाची नसते, अंतराची असते. झाडझुडूप नसलेल्या रानात ते तुम्हाला तुमच्याआधी पाहते. इथे निकॉनची बुद्धी कामाला येते. १९५९ साली निकॉन एफबरोबर आलेला लेन्सचा माउंट या कंपनीने सहा दशके मोडला नाही. २०१८ साली झेड माउंट आणला तेव्हा मात्र मनापासून मोकळी जागा घेतली: तोंड ५५ मिलिमीटर रुंद आणि सेन्सरपर्यंतचे अंतर अवघे १६ मिलिमीटर. त्या मोकळ्या जागेतून लांब पल्ल्याच्या लेन्सचा जो ताफा निघाला, तो पारखून पाहावा असा आहे. ६०० मिलिमीटर एफ ६.३ ही लेन्स वजनाला सुमारे दीड किलो. तिच्यात एक काचखंड नेहमीच्या फुगीर भिंगाऐवजी सूक्ष्म वलये कोरलेला असतो, त्यामुळे लांबी आणि वजन दोन्ही घटतात. या वलयांचा एक स्वभाव मात्र ठाऊक असावा. सूर्य समोर असेल तर ती चित्रात रंगीत झाक सोडू शकतात. म्हणून पहाटे प्रकाशाच्या विरुद्ध बसायची हौस असलेल्याने ही लेन्स जपून वापरावी. पाठीवर दिवसभर वागवून संध्याकाळीही हात न थरथरणे हे तिचे मोठेपण. काळविटाच्या मागे पायी हिंडणाऱ्याला त्याहून मोठे मोठेपण नको असते.

त्याच ताफ्यातली ६०० मिलिमीटर एफ ४ ही राजस लेन्स. किंमत दहा लाखांच्या वर, म्हणून बहुतेकांनी ती नुसती पाहायची. पण पाहताना एका खटक्याकडे अवश्य लक्ष द्यावे. तिच्या पोटातच १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर आहे. खटका फिरवला की ६००ची ८४० मिलिमीटर होते. ही कल्पना कॅननने २०१३ साली आपल्या २००-४०० मिलिमीटर लेन्समध्ये आधी रुजवली होती. निकॉनची नजाकत आहे ती खटक्याच्या जागेत. तो बॉडीच्या अगदी लगत बसवला आहे, म्हणजे उजव्या हाताची मूठ न सोडता, बोट शटरवरून न हलवता, दुसऱ्या बोटाने तो फिरतो. काळवीट चरता चरता मान वर करते आणि उधळते, त्यामधल्या अवधीत डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागत नाही. कुणीतरी कारखान्यात बसून माळावरच्या माणसाची मूठ डोळ्यांसमोर आणली होती, याची ती खूण आहे.

बॉडीतही निकॉनने असाच धीट निर्णय घेतला. २०२१च्या झेड ९मधून यांत्रिक शटर कायमचे काढून टाकले. साडेचार कोटी पिक्सेलचा सेन्सर सुमारे चार मिलिसेकंदांत वाचून होतो. याचा पुरावा काळविटात शोधू नका, मागच्या ज्वारीत शोधा. धावत्या जनावराबरोबर कॅमेरा फिरवला की जनावर स्थिर राहते आणि पार्श्वभूमी धावते. हळू वाचणाऱ्या सेन्सरमध्ये मागची ज्वारीची ताटे एका बाजूला कललेली दिसतात, वाऱ्याविना वाकलेली. झेड ९च्या चित्रात ती धूसर होतात, पण उभीच राहतात. कॅमेरा बंद केला की सेन्सरसमोर पडणारी ढालही या बॉडीत आहे. मराठवाड्यातल्या धुळीत लेन्स बदलणाऱ्याला ती शटरच्या वेगापेक्षा कमी प्यारी नाही. शिवाय निकॉनचे थ्रीडी ट्रॅकिंग विषयाचा रंगही ध्यानात घेते. पिवळसर माद्यांच्या कळपातून पळणारा काळाभोर नर त्याला दुवा देतो, आणि कळप एकमेकांत मिसळला तरी चौकट त्याच पाठीवर ठाण मांडून बसते.

कॅननकडे वळताना एक जुनी गंमत आठवावी. १९३६च्या पहिल्या कॅनन कॅमेऱ्यावर बसवलेली लेन्स निकॉनच्या पूर्वजाने, निप्पॉन कोगाकूने, बनवलेली होती. प्रतिस्पर्ध्यांचा संसार एकाच ताटात सुरू झाला. १९८७ साली कॅननने जुना माउंट एका फटक्यात सोडून दिला. नव्या ईएफ माउंटमध्ये बॉडी आणि लेन्स यांच्यात कोणताही यांत्रिक दांडा उरला नाही. फोकसची मोटर लेन्समध्ये, छिद्राचे नियंत्रणही विजेवर. जुन्या लेन्स असलेली गिऱ्हाईके तेव्हा दुखावली. पण मोटर लेन्सच्या आत, जिथे काच हलवायची तिथेच बसल्याने मोठ्या लेन्सचा फोकस झटक्याने बसू लागला आणि पुढच्या दशकात मैदानांच्या कडा पांढऱ्या लेन्सनी भरून गेल्या. तो पांढरा रंगही मिरवण्यासाठी नाही. या लेन्समधले फ्लोराइटचे स्फटिक उष्णतेने प्रसरण पावतात आणि फोकस सरकू शकतो, म्हणून ऊन परतवणारा रंग. मे महिन्यात बीडच्या बेचाळीस अंशांत उभ्या माणसाला हे तर्कशास्त्र समजावून सांगावे लागत नाही.

कॅननची बुद्धी हातावर आहे असे मी म्हटले, त्याची प्रचिती कुस्तीच्या आखाड्यात येते. हगाम्यात विषय दहा-पंधरा फुटांवर असतो, पण दोन देह एकमेकांत इतके गुंतलेले, की डोळे, चेहरा, हात कोणाचे हे माणसालाही क्षणभर उमगत नाही. ढाक हा डाव लागतो तेव्हा वर असलेल्या मल्लाचा चेहरा मातीकडे वळतो आणि डोळे शोधणारा फोकस पोरका होतो. इथे आर ३मधली डोळ्याने फोकस देण्याची सोय पाहा. छायाचित्रकार व्ह्यूफाइंडरमध्ये जिथे बघतो तिथे फोकसचा बिंदू जातो. ही युक्ती कॅननने १९९२ साली फिल्मच्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा आणली होती; २०२१ साली ती नव्या रूपात परतली. २०२४च्या आर १ आणि आर ५ मार्क टूमध्ये फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल ओळखून चेंडूच्या क्षणाला आपोआप फोकस नेणारी सोय आहे. कुस्ती सुरुवातीच्या त्या यादीत नाही. म्हणूनच आखाड्यात नजरेने फोकस नेणे जास्त मोलाचे ठरते. डाव कोणता पडणार हे कुस्ती पाहत वाढलेल्या डोळ्याला आधी कळते, आणि कॅमेरा त्या डोळ्याचे ऐकतो. जाणत्या नजरेला एवढा मान देणारे यंत्र विरळा.

आर १मधली दुसरी खुबी आणखी सूक्ष्म आहे. सेन्सरवरच्या फोकसचे बहुतेक बिंदू उभ्या कडा चांगल्या ओळखतात, आडव्या कडांपुढे ते अडखळतात. स्टीपलचेसचा अडथळा ही निखळ आडवी कड. काळविटाच्या अंगावर काळी पाठ जिथे पांढऱ्या पोटाला भिडते तीही आडवीच. आर १मध्ये काही पिक्सेल नव्वद अंशांत वळवून बसवले आहेत, त्यामुळे आडवे-उभे दोन्ही कळते. निसर्गाने जनावराच्या अंगावर ओढलेली एक रेघ आणि सेन्सरवरचा हा वळसा यांची गाठ पडते, तिथे अभियांत्रिकी डोळ्यांना सुखावते.

तिघांचीही खरी कसोटी लागते ती मोरापुढे. पिसारा फुलवून नाचणारा मोर स्थिर उभा वाटतो, पण पिसे सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा थरथरत असतात. त्या थरथरीत पिसाऱ्यावरचे डोळे मात्र जवळजवळ जागेवर थांबतात. हलतात ती त्यांच्याभोवतीची सुटी तंतुमय पिसे. सेकंदाच्या हजाराव्या भागाचे शटर लावले तर सगळेच गोठते आणि मोर गालिच्यासारखा दिसतो. साठाव्या भागावर आणले तर मागची पिसे हिरव्या-तांबूस धुक्यात विरघळतात आणि डोळे तेवढे त्या धुक्यातून रोखून बघतात. मादीला जे दिसते त्याच्या जवळ जाणारे हे चित्र. ते हातात धरून टिपायचे तर कंप शोषून घेणारी लेन्स हवी. कॅननच्या आरएफ १००-५०० मिलिमीटरमध्ये बॉडीच्या साथीने सहा स्टॉपपर्यंतचे स्थिरीकरण मिळते, असे कंपनी सांगते, आणि लेन्स पावणेदोन किलोच्या आत आहे. ही जोडी इथे शोभते. तोच मोर फांदीवरून झेपावणार असेल, तर सोनी सरस. बोट दाबण्याआधीच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेम अल्फा ९ थ्री राखून ठेवतो, त्यामुळे माणसाच्या प्रतिक्रियेला लागणारा विलंब भरून निघतो. कॅननच्या नव्या बॉडींत हा अवधी अर्ध्या सेकंदाचा. निकॉनमध्ये तो एका सेकंदापर्यंत जातो, पण चित्रे जेपीईजीत मिळतात. मोराच्या मानेचा निळा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो आणि कोनागणिक पालटतो. ज्याला तो नंतर बारकाईने सावरायचा आहे त्याने हा फरक लक्षात ठेवावा. एकच पक्षी, दोन क्षण, आणि प्रत्येक क्षणाचा मानकरी वेगळा.

या सगळ्या काचेला एक मर्यादा बीडचे हवामानच घालते. सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लाटा उठतात. दोनशे मीटरवरचे काळवीट तेव्हा दहा लाखांच्या लेन्समधूनही पाण्याखाली असल्यासारखे दिसते. म्हणजे कामाचा वेळ उरतो तो पहाटेचा आणि सांजेचा, आणि तेव्हा प्रकाश तुटपुंजा. इथे लेन्सच्या छिद्राच्या, म्हणजे एफच्या, आकड्यांचा हिशोब मांडावा. एफ ४ची लेन्स एफ ६.३पेक्षा अडीचपट प्रकाश आत घेते, आणि एफ ९पेक्षा पाचपट. कॅननची २००-८०० मिलिमीटर लेन्स पल्ल्याला अद्भुत आहे, पण ८००वर ती एफ ९ होते. भरदुपारच्या उजेडात हे चालते, पण भरदुपारी झळ चालू देत नाही. म्हणून मराठवाड्यात पल्ला विकत घेण्याआधी पहाटे उठण्याची सवय विकत घ्यावी, आणि जवळ जाण्याची कला. बैलगाडीच्या वाटेवर स्थिर उभे राहून जनावराला स्वतःहून जवळ येऊ देणारा माणूस पाचशे मिलिमीटरमध्ये जे मिळवतो, ते दुरून आठशेमध्ये मिळत नाही. काळवीट आणि मोर दोघेही कायद्याने काटेकोर संरक्षित आहेत. त्यांना न उधळता काढलेल्या चित्रात जो निवांतपणा उतरतो, तोच त्या चित्राचा कस.

खिशाचा विचार हलका नाही. बीडमध्ये वन्यजीव टिपणारे बहुतेक जण लग्नाच्या कामावर किंवा नोकरीवर घर चालवतात. त्यांच्यासाठी कॅननची आर ७ आणि आरएफ १००-४०० ही जोडी मोठ्या ममतेने घडवलेली आहे. लेन्स अवघी ६३५ ग्रॅम, आणि लहान सेन्सरमुळे दृश्यकोन ६४० मिलिमीटरचा मिळतो. फक्त वेगवान हालचालीला आर ७चे यांत्रिक शटरच वापरावे, सेकंदाला १५ फ्रेम पुरेशा आहेत. तिच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये ती ज्वारी कललेली दिसते. सोनीची बाजू इथे वेगळ्या कारणाने भक्कम. तिचा माउंट इतर कंपन्यांना खुला असल्याने सिग्मा आणि टॅमरॉनच्या लांब लेन्स कमी पैशांत लागतात, जरी त्यांच्यावर सेकंदाला १५ फ्रेमचीच मर्यादा पडते. सोनीची स्वतःची २००-६०० लेन्सही अशी, की झूम करताना नळी बाहेर येत नाही. तोल ढळत नाही आणि धुळीला आत शिरायची वाट कमी मिळते.

खेळ आणि वन्यजीव दोन्ही करणाऱ्या बीडच्या माणसाने एकच जोडी निवडायची म्हटली, तर माझा कौल निकॉनच्या झेड ८ आणि १८०-६०० मिलिमीटर लेन्सला. बॉडीत झेड ९चाच सेन्सर, म्हणून ताटे उभी राहतात. झूमची नळी आतच फिरते. आणि पूर्ण पल्ला फक्त सत्तर अंशांच्या वळशात येतो, म्हणजे मैदानात जवळ आलेला धावपटू आणि माळावर दूर गेलेले काळवीट यांच्यामध्ये मनगटाचा एकच हेलकावा. सगळे मिळून सुमारे तीन किलो. ज्याचा जीव आखाड्यात आहे त्याने मात्र कॅनन घ्यावा, आणि ज्याला शेवटच्या रेषेवरचा क्षण अखंड हवा त्याने सोनी. विकत घेण्याआधी आपली गेल्या वर्षभरातली हुकलेली चित्रे काढून बसावे. फोकस हुकला, क्षण हुकला, की अंतर पुरले नाही, याची उत्तरे तिथे लिहिलेली असतात. ज्या कारणाने सर्वाधिक चित्रे हुकली, त्याच कारणावर ज्या कंपनीने आयुष्य घातले, तीच आपली कंपनी.